गच्चीवर धूळ मोजली त्याची हकीकत

घाटकोपर पूर्व,
होळीनंतरचा रविवार

तीर्थरूप राजाराममामांस,

नंदूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि कणकवलीची हवा दोन्ही ठीक असतील अशी आशा. (आमच्याकडे गुडघे उत्तम आहेत. हवेचं खाली लिहितो.)

समोरची जुनी इमारत पाडायला घेतल्यापासून तुमच्या बहिणीचा, म्हणजे आईचा, दमा फार वाढलाय. खिडक्या लावून घेतल्या तरी घासाबरोबर दाताखाली कचकच येते. तक्रार केली तर बिल्डरचा माणूस म्हणतो, "धूळ कुठाय, दाखवा ना!" म्हणून मी माधुरी मॅडमना गाठलं. त्या कॉलेजात हवेचा अभ्यास करतात. त्यांनी आमच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं. ते दिवसभर हवा ओढतं आणि धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर धरतं. मग कागदाचं वजन किती वाढलं ते बघायचं. अट एकच, मध्येच बंद पडलं तर सगळं फुकट. मी रजा टाकली आणि यंत्राशेजारी खुर्ची मांडून बसलो. (माझी बायको प्रियंका म्हणाली, "आपल्या लग्नात माझ्याशेजारीसुद्धा तू इतका वेळ बसला नव्हतास.")

सकाळी बघतो तर समोर चमत्कार! हिरवी जाळी लागलेली, टँकरचं पाणी शिंपडलं जातंय आणि मजूर अंडी उतरवावीत तशा विटा उतरवतायत. कुणीतरी बिल्डरला खबर पोचवली होती. दिवसभर हेच चाललं असतं तर कागदावर घाटकोपरचं महाबळेश्वर झालं असतं आणि बिल्डरला आयतं प्रशस्तिपत्र मिळालं असतं.

दुपारी टँकर रिकामा झाला, दुसरा आलाच नाही, आणि मुकादमाचा धीर सुटला. काँक्रीट फोडणारे ब्रेकर धडधडू लागले. स्लॅब कोसळला तसा पांढरा लोट सरळ आमच्या गच्चीवर. ये बाई ये, मी मनात म्हणालो. (धुळीचं असं स्वागत करणारा घाटकोपरात मी पहिलाच.)

इतक्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी केतनभाई धापा टाकत वर आले आणि थेट स्विचकडे गेले.

"बंद कर नंदू! हाच बिल्डर आपली बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेणार आहे. तो भडकला तर सगळ्यांची वाट लागेल."

मी स्विचला पाठ लावून उभा राहिलो. ते माझा दंड धरून ओढायला लागले. तेवढ्यात फोन वाजला. आईचा. बोलणं नाही, नुसती घरघर.

मामा, यंत्र तिथंच सोडून मी खाली घरात धावलो. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, ओठ निळसर, डोळे माझ्यावर. वाफेचा मास्क लावताना मलाच असा ठसका लागला की औषध सांडलं. तिची धाप बसेपर्यंत मी गावच्या सगळ्या देवांना नवस बोलून घेतले. मागे वळलो तर दारात केतनभाई. केव्हा आले कळलंच नाही. आईकडे एकदा बघून ते जिन्याकडे वळले.

आई झोपल्यावर यंत्र आठवलं. बंद केलंच असणार, असं धरून वर गेलो. ते चालू होतं, आणि माझ्या खुर्चीत तोंडाला रुमाल बांधून केतनभाई बसले होते.

"तू आईजवळ बस," ते म्हणाले. "आमची तेजल पण सारखी खोकते रे. मी बघतो इकडे." (तेजल त्यांची मुलगी.)

कागद काळपट राखाडी निघाला. मॅडमच्या अहवालावरून पालिकेनं समोरचं काम थांबवलंय. भोवती उंच पत्रे लागेपर्यंत सुरू होणार नाही. आमच्या इमारतीचं काम मात्र बिल्डरने लांबणीवर टाकलं, त्यामुळे बाकीचे शेजारी आमच्यावर रुसलेत आणि जिन्यात मी आणि केतनभाई फक्त एकमेकांशीच बोलतो.

मामींना नमस्कार.

आपला,
नंदू

ता. क. : खरं काम असं की, आईला पावसाळ्यापर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्याल का? ती स्वतःहून यायची नाही. तुम्हालाच घरात माणूस हवंय असं कळवा. मी सुचवलं हे तिला कळता कामा नये.

ता. क. दुसरा (आईकडून) : राजा, नंदू न्हावक गेलो हा म्हणान लिवतंय. मी येवचंय नाय. आणि त्या दिवसा माका दम लागलो तो धुळीन नाय. तुझ्यासाठी मसाल्याची मिरची भाजत होतंय, खिडकी उघडी ठेवन. सगळो धूर गच्चीर गेलो. बिल्डरच्या धुळीत माझी मिरची पण आसतली. मसालो पाठवतंय. नंदूक सांगू नको.