पिंगळ्यानं ठेवायचं नाव

प्रिय पिंगळ्या,

'प्रिय मुग्धा' असं लिहिणार होते, पण हाताला सवयच नाही. इतक्या वर्षांत त्या नावानं तुला मी फक्त तुझ्या आईसमोर हाक मारलीय, तीही अडखळत. तर हे पत्र आहे. कागदावरचं, पाकिटातलं, खरंखुरं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी मैदानाचा विषय काढला की तुझ्या बँकेत नेमके साहेब येतात, नाहीतर कुकरची शिट्टी होते. कोल्हापुरात इतके कुकर लागतात कशाला, कोण जाणे! म्हणून लिहितेय. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू नागपूरला यायचंस आणि पूर्वीसारखं नाव ठेवायचंस. कुणाकुणाचं, ते सगळं सांगते, पण ओळीनं वाच. शेवटचं पान आधी बघायची तुझी खोड मला माहीत आहे. अक्षर वाकडंतिकडं वाटेल, कारण हल्ली माझा एक हात सदा अडकलेला असतो आणि पत्र तुकड्यातुकड्यांनी होतंय.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं? कॉलेजच्या आपल्या बेसबॉल टीममध्ये तीन पूजा होत्या. चेंडू उंच उडाला की मनोहरराव सर कडेनं ओरडायचे, "पूजा!" आणि एकतर तिघी धावायच्या नाहीतर तिघी थांबायच्या. शेवटी वैतागून सर म्हणाले की अमेरिकेत या खेळातल्या लोकांना पक्ष्यांची नावं पडतात. कुणी हंस, कुणी ससाणा, कुणी बदक, आणि एकाला तर नुसतंच 'पक्षी'. तू कॅचर, होम प्लेटवरच्या बॅटवालीमागं उकिडवी बसलेली. मास्क कपाळावर सरकवलास आणि म्हणालीस, "तिकडचे पक्षी तिकडेच राहू द्या ना जी सर, आपल्याकडं काय कमी आहेत?" आणि त्या संध्याकाळीच तिन्ही पूजांची बारशी उरकलीस. बॅटनं जमिनीवर टकटक करणारी ती सुतार. तासभर पुतळ्यासारखी उभी राहून एकदम झेप घेणारी ती खंड्या. आणि तिप्पट आकाराच्या मुलींशीही भांडायला जाणारी ती कोतवाल. कोतवाल आता दोन मुलांची आई आहे आणि अजून सोसायटीच्या अध्यक्षांना पळवून लावते. नाव असं बसलं पाहिजे!

मला तू टिटवी केलंस. मी रुसले होते. आमच्याकडे टिटवी ओरडली की म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवतात. तू म्हणालीस, टिटवी रात्री-अपरात्री सगळ्यांना जागं ठेवते, चेंडू टाकणाऱ्या पिचरनं दुसरं काय करायचं असतं? मग मी तुला पिंगळा केलं. मास्कच्या जाळीतून घुबडासारखे ते दोन वाटोळे डोळे, आणि मान सारखी खालीवर. तुझं नाव ठेवण्याचा हक्क फक्त माझा होता, कारण मैदानात सारखी तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहणारी मी एकटी. बाकी सगळ्यांची नावं तू ठेवायचीस, कारण सगळ्यांची तोंडं बघणारी तू एकटी. टीमच्या इतर सगळ्या पोरी एका बाजूला बघतात, कॅचर तेवढी त्यांच्याकडे बघते. नवी मुलगी आली की तू दिवसच्या दिवस नुसती बघत राहायचीस. आम्ही विचारून विचारून थकायचो. मग एखाद्या दिवशी चेंडू परत फेकता फेकता सहज नाव घ्यायचीस, आणि ती मुलगी जन्मल्यापासून तीच असल्यासारखी वळून बघायची.

आता इकडचं ऐक. मनीषनगरच्या मैदानावर मी मुलींना शिकवते, हे तुला माहीत आहे. या उन्हाळ्यात तिथं काय झालं, ते माहीत नाही. तिसऱ्या बेसच्या जवळ, भर मैदानात, टिटवीनं अंडी घातली. घरटं वगैरे काही नाही, चार खडे बाजूला केले आणि झालं बाळंतपण. आम्ही पाऊल टाकलं की नवराबायको दोघं डोक्यावर घिरट्या घालून असा कल्ला करायचे की शेजारच्या बाल्कन्यांतून लोक बघायचे. पोरी मला म्हणतात, "मॅडम, तुमचे नातेवाईक आले ना जी!" मग काय, माझ्या शहाण्या पोरींनी सगळं मैदानच फिरवलं. होम प्लेट उचलली, समोरच्या कोपऱ्यात नेली, चुन्याच्या रेघा नव्यानं मारल्या. मावळतीचं ऊन सरळ बॅटवालीच्या डोळ्यात यायला लागलं, एकीला धड चेंडू दिसेना, पण तक्रार नाही. एका सकाळी जाऊन बघतो तर कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं तुरुतुरु पळतायत. त्या दिवशी सराव झाला नाही. सगळ्यांना तर्री-पोहे खायला घातले मी, आणि खाता खाता रडले. पोरींना वाटलं तर्री झोंबली.

पण या पोरींना नावं नाहीत गं. तू गेल्यापासून आलेल्या सगळ्या बिननावाच्या आहेत. मी प्रयत्न केला नाही असं नाही. माझ्याकडे दोन समीक्षा आहेत, एक उंच, एक बुटकी. उंच समीक्षा लांब मैदानात सारखी एका पायावर उभी राहते, म्हणून मी तिला बगळा केलं. बुटकी बडबडी, तिला साळुंकी. मोठ्या थाटात जाहीर केलं, पेढे वाटले. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटचा चेंडू उंच उडाला, नेमका दोघींच्या मध्ये. मी जीव खाऊन ओरडले, "बगळ्या, तुझा!" उंच समीक्षा मागे वळून बघायला लागली, बगळा कुठाय म्हणून. बुटकी थांबली, कारण तिचं नाव मी घेतलं नव्हतं. चेंडू दोघींच्या मधोमध धप्पकन पडला आणि त्या एकमेकींकडे अशा बघत राहिल्या, जसा ताटातला शेवटचा लाडू दोन पाहुण्यांनी बघावा. हरलो. परतताना उंच समीक्षा हळूच म्हणते, "मॅडम, मी बगळा नाही वाटत. बूट चावते म्हणून मी तशी उभी राहतो." पिंगळ्या, मी इतकी हसले की गाडीत सीटवरून खाली आले. पोरीचे बूट चावतायत आणि मी तिचा बगळा करून बसले! तूच सांग, जी बाई अजूनही मैदानाकडे पाठ करून चेंडू टाकते, तिला काय दिसणार? दुसऱ्या दिवशी बूट बदलून दिले. तेव्हापासून ती दोन्ही पायांवर उभी आहे आणि वाऱ्यासारखी पळते. मात्र दोघींनी मिळून ठराव केला की नाव घेऊ तर पिंगळाताईकडूनच. त्यांनी तुला बघितलेलं नाही. तुझ्या गोष्टी मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, काही तर मी सांगितलेल्याही नाहीत.

तुझ्या गोष्टींतली एक मात्र मी कमी सांगते. अमरावतीच्या सामन्यात ती धिप्पाड मुलगी घसरत होम प्लेटवर आली, तुझ्या गुडघ्यावरच आली, आणि तू चेंडू सोडला नाहीस. पंचांनी हात वर करून तिला बाद दिलं. आम्ही नाचत तुझ्याकडे धावलो आणि जवळ आल्यावर थांबलो. त्यानंतर ऑपरेशन झालं, तू बदली मागून घेतलीस, आणि एकदा फोनवर म्हणालीस, "मी आता कुणाची पिंगळा नाही. जिला खाली बसता येत नाही तिनं होम प्लेटमागं काय करायचं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तू इथं महाल भागात आईकडे येतेस, चार दिवस राहतेस, आम्हाला न भेटता परत जातेस, हे मला तिच्या घरासमोरच्या किराणावाल्याकडून कळतं. मला राग येत नाही. वाईट वाटतं, खूप वाटतं, आणि मग तुझी इतकी आठवण येते की मी सुतारला फोन करून तिच्याशीच भांडते.

परवा हेच सासूबाईंना सांगत होते. तुला आमच्या सिंधूताई ठाऊक आहेत. बोलायला लागल्या की पंख्याचासुद्धा आवाज येत नाही. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "काहून वं, तुह्या मैत्रिणीचा गुडघा मोडला का तोंड? नाव तोंडानं ठेवतेत का गुडघ्यानं?" इतकी वर्षं मी ज्याचं उत्तर शोधत होते ते सासूबाईंनी लसणाच्या सालाबरोबर परातीत टाकलं. म्हणून त्याच दुपारी हे पत्र लिहायला घेतलं.

धम्मानंद तुझी आठवण काढतो. तुझ्यामाझ्या टीमला वाडीच्या गोदामातून टेम्पो आणून गावोगाव नेणारा हा माणूस, आणि तू त्याला 'दादा, जरा हळू' आणि 'दादा, जरा जोरात' असं एकाच वाक्यात सांगायचीस. बहीण नसलेल्या माणसाला बहिणीचं डोकं खाणं कसं असतं ते तूच दाखवलंस, असं तो म्हणतो. आमच्या लग्नात त्याच्या बाजूनं करवली व्हायला कुणी नव्हतं, तर तू मुलीकडची असून तिकडे जाऊन उभी राहिलीस आणि नवरदेवाचा पिळायचा सोडून माझाच कान पिळलास. तो म्हणतो, "तिले सांग, मी टेम्पो घेऊन टेशनवर उभा राहीन. हळू बी चालवीन आणि जोरात बी."

तर नावं ठेवायची आहेत दोन समीक्षांची, आणि इतर पोरींची. पण पत्र त्यांच्यासाठी लिहिलं नाही गं. त्या थांबतील, त्यांना सवय आहे. जिच्यासाठी लिहिलं ती टीममध्ये नाही, अजून तरी. ती माझ्या मांडीवर आहे आणि माझा उजवा हात तिच्या डोक्याखाली अडकलाय, म्हणून हे सगळं डाव्या हातानं. पाच महिन्यांची आहे. दत्तक संस्थेतून फोन आला तेव्हा मी मैदानावर होते. मी अशी ओरडले की पोरींना वाटलं साप निघाला, आणि टिटवीची जोडी पहिल्यांदाच गप्प झाली. आमची किती वर्षं वाट बघण्यात गेली, तुला माहीत आहे. सगळ्या जगात तू एकटी होतीस जिनं 'काही बातमी?' असं एकदाही विचारलं नाही. म्हणून बातमी तुला एकटीलाच लिहून कळवतेय. कागदावर संस्थेनं लावलेलं एक नाव आहे, पण घरात तिला कुणी नावानं हाक मारत नाही. सासूबाई 'राणी' म्हणतात, धम्मानंद 'साहेब' म्हणतो, मी नुसतीच बघत बसते. पुढच्या पौर्णिमेला भंतेजी येतील, वंदना होईल, मग पाळणा. आणि पाळण्यात नाव आत्यानं ठेवायचं असतं. धम्मानंदला तुझ्याशिवाय बहीण नाही. तू यायचंस, थोडे दिवस तिच्याकडे नुसतं बघायचंस, जसं नव्या मुलीकडे बघायचीस तसं, आणि मग तिच्या कानात कुर्रर्र करून सांगायचंस ती कोण आहे. मला सांगू नकोस आधी. तुझ्या पाठीत धपाटे घालायला सुतार, खंड्या, कोतवाल आणि दोन्ही समीक्षा हात शेकून तयार आहेत. आणि गुडघ्याची काळजी करू नकोस. परवा धम्मानंदनं पाळणा टांगला आणि दोरी इतकी आखूड घेतली की सासूबाईंचे हात पुरेनात. त्यांनी विचारलं, एवढा उंच काहून? तो म्हणाला, "तिच्या आत्याले खाली बसता येत नाही."

वाट बघतेय.

तुझीच,
टिटवी