अप्पांचा राहिलेला नवस

अप्पा, तुम्हाला लिहायचं म्हणून कागद मी बऱ्याचदा हातात घेतला. एकदा सुरतेत, एकदा नाशिकला धर्मशाळेत, एकदा तर चालत्या ट्रकमध्ये. दर वेळी दुसरंच काहीतरी दिसलं आणि राहून गेलं. सुरतेत खिडकीखाली दोघं जण हातगाडीवरून फ्रिज उतरवत होते, त्यांना जमेना, मी खाली गेलो तो संध्याकाळीच वर आलो. तोवर कागदावर चहाचा कप ठेवलेला. आज मात्र जागचं हलता येणार नाही असं कारण आहे. मी असीरगडावर बसलोय, महादेवाच्या देवळाबाहेर, चाफ्याखाली. डोक्यावरच्या फांदीला तापीच्या पाण्याचा तांब्या अडकवलाय. खाली ठेवायचा नाही ना, म्हणून. तुमचा नवस घेऊन आलोय.

नवस तुमचा असला तरी मला तो आईच्या तोंडूनच ठाऊक. मी लहान असताना शिवरात्रीला तुम्ही आम्हाला इथं आणलं होतं आणि गर्दीत मी तुमचा हात सोडला. आई म्हणते, तिनं अख्खा गड पालथा घातला, आणि तुम्ही सरळ गाभाऱ्यात जाऊन पिंडीसमोर हात जोडले. पोर सापडू दे, म्हणालात, तापीचं पाणी पायी आणून त्याच्याच हातानं तुला घालीन. मी तिकडे तळ्याच्या वाटेवर एका माणसाच्या मोटारसायकलची चेन बसताना बघत होतो, त्याचा पाना धरून. आईनं आधी मला छातीशी धरलं, मग एक ठेवून दिली. तुम्ही माझी वंगणानं काळी झालेली बोटं बघितली आणि विचारलं, "बसली का रे त्याची चेन?" आई त्या प्रश्नावरून तुम्हाला अजून बोलते. तुम्ही नाही, तरी बोलते.

आणि आपण निघालो होतो की एकदा, श्रावणात. ते मला स्वतःला आठवतं. मागाच्या कारखान्यात तुम्हाला सुट्टी मिळत नव्हती, एकट्यानं चार चार माग बघायचे, धोटा अडकला की धावायचं. त्या दिवशी कशीबशी मिळाली. बुऱ्हाणपुरात राजघाटावर तापीच्या पाण्यानं तांब्या भरला, आईनं त्यावर फडकं बांधलं, आणि आपण दोघं शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत पोचलो. तिथं मावा जलेबीची कढई चढलेली. मी बघत उभा राहिलो आणि तुम्ही मला बघत उभे राहिलात. "खाऊन घे, गड लांब आहे." द्रोण घेतलात, गरम होता, एका हातात धरवेना, म्हणून तांब्या दुकानाच्या पायरीवर ठेवलात. ठेवलात आणि तुमच्याच लक्षात आलं. जमिनीला टेकलं की ते पाणी गेलं. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही माझ्या शेजारी पायरीवर बसलात आणि म्हणालात, "आता घाई नाही. अजून एक सांगू का?" घरी आईसाठीही बांधून नेली. ती दारातच, "महादेवाला जलेबी घातली का?" म्हणून इतकी हसली की शेजारीण बघायला आली. पुढच्या श्रावणात जाऊ, ठरलं. पुढच्या श्रावणात तुमचा खोकला सुरू झालेला होता. सुताचा बारीक भुगा वर्षानुवर्षं छातीत बसलेला. मग तुम्हाला आपल्या घराचा जिनाही चढवेना, गड कुठला.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. दहावी काही झाली नाही माझी. बरीच कामं केली, फोपनारला केळीची कटाई, खंडव्यात ढाबा, मग गाड्यांबरोबर कुठं कुठं. कुठं फार दिवस राहिलो नाही. भांडण होऊन नाही हो अप्पा, उगाच. रस्त्याच्या पुढं काय आहे ते बघावंसं वाटतं. आई म्हणते ह्याला कारण तुमचा नवस. "बापानं कबूल केलं, फेडलं नाही. म्हणून तुझे पाय एका जागी ठरत नाहीत. पाणी घालून ये, मग बघ, बुऱ्हाणपूरमधेच टिकशील." मी म्हटलं, तू पण चल. तर म्हणते, "मी नाही येणार. त्या डोंगरावर माझं पोर हरवलं, मी परत त्याचं तोंड बघणार नाही." डोंगराचं की महादेवाचं, ते तिनं सांगितलं नाही. काल रात्री मात्र तांब्या चिंचेनं घासून ओट्यावर ठेवला होता, आणि पहाटे मी निघालो तेव्हा झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

शनवारा मी मान खाली घालून ओलांडला. खरं सांगतो, जलेबीकडे बघितलंसुद्धा नाही. वास आला, त्याला मी काय करणार. गावाबाहेर पडलो, ऊन चढलं, निंबोल्याच्या पुढं एक केळीचा ट्रक उभा, बोनेटमधून वाफ निघतेय. ड्रायव्हर हरियाणाचा, माझ्या दीडपट उंच. माझ्या हातातला तांब्या बघून म्हणाला, "पानी है? दे दे भाई, रेडिएटर सूख गया।" मी म्हटलं, हे महादेवाचं आहे. "तो महादेव को कौन सी जल्दी है? मेरा माल दिल्ली में काला पड़ जाएगा।" त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि केळी काळी पडताना मी बघितलीत. मी म्हटलं, तुझा कॅन दे, मी आणतो, पण तोवर हा धर. जमीन पर नहीं रखना. तो म्हणाला, अरे जा ना.

आता तुम्ही हसाल. पाणी एका शेतातल्या बोअरवर मिळालं, पण तिथं एक शेतकरी ठिबकच्या नळ्या फुंकून बघत होता, कचरा कुठं अडकलाय ते सापडत नव्हतं. मी एक टोक धरलं. मग दुसरी नळी. मग त्यानं गूळ-शेंगदाणे दिले. कॅनची आठवण झाली तेव्हा माझी सावली पायाखाली आलेली. पळत सुटलो. मनात म्हटलं, संपलं, त्यानं तांब्या कधीच ठेवला असेल, ओतलाही असेल. तर अप्पा, तो ट्रकच्या पुढं तसाच उभा. दोन्ही हातांत तांब्या, छातीशी. सावलीत गेला नव्हता, कारण सावलीत झुडपं होती आणि धक्का लागेल अशी भीती. घाम डोळ्यांत जातोय, पुसायला हात मोकळा नाही. मला बघून इतक्या शिव्या दिल्या, सगळ्या हरियाणवी, अर्ध्या मला कळल्या नाहीत. शिव्या देतानाही तांब्या हलला नाही. मी म्हटलं, केबिनमध्ये टांगून द्यायचा ना. त्यानं वर केबिनकडे बघितलं आणि म्हणाला, "पहले नहीं बोल सकता था?" आम्ही दोघं तिथंच रस्त्यावर पोट धरून हसलो. पाणी घातलं, गाडी सुरू झाली. जाताना त्यानं केळीची एक फणी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. "आधा महादेव का, आधा तेरा।" महादेवाचं आणलंय. माझं वाटेत संपलं.

देवळात पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. इथले लोक सांगतात ना, पहाटे दार उघडायच्या आधीच पिंडीवर कुणीतरी ताजं फूल वाहून गेलेलं असतं, आणि कपाळावरची जखम घेऊन फिरणारा तो चिरंजीव कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं पण कुणी बघितलेलं नसतं. मी पुजाऱ्यांना विचारलं, आज होतं का फूल? ते म्हणाले, "होतं. तो रोज वेळेवर येतो. तू सांग, नवसाचं पाणी सकाळी घालतात, तू आत्ता कुठून उगवलास?" मी म्हटलं, आमच्याकडे थोडा उशीर होतो. किती, विचारलं. मी म्हटलं, मी लहान होतो तेव्हापासून. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "ये आत, घाल. गर्दी नाही."

मी आत गेलोच नाही. नंदीपाशी थांबलो, त्याच्या शिंगांमधून पिंड बघितली. काळी, ओली, कुणीतरी बेल वाहिलेला. एवढी मोठी नाही ती, मला लहानपणी केवढी वाटलेली. मग बाहेर आलो, तांब्या फांदीला अडकवला आणि पुजाऱ्यांकडून पेन मागून हे लिहायला बसलो. ते मधून मधून डोकावतायत. त्यांना वाटतंय मी मंत्र उतरवून घेतोय.

आधी मला वाटलं, पाय ठरतील म्हणून मी घाबरतोय. खरंच आईचं खरं निघालं, उद्यापासून मला बुऱ्हाणपुरातच बरं वाटायला लागलं, कुठल्याही ट्रकमागं धावावंसं वाटलं नाही, तर मी कोण राहीन? पण लिहिता लिहिता कळलं की ते नाही. ते मी बघून घेईन. तुमचे कपडे आईनं वाटले, तुमची सायकल विकली, तुमच्या जागी कारखान्यात दुसरा आला आणि आता तोही म्हातारा झालाय. एवढं एकच काम तुमचं इथं राहिलं होतं. कुठंही गेलो तरी वाटायचं, अप्पांचं एक बाकी आहे, ते करायचंय. हे पाणी घातलं की तुमचं इथं काहीच उरत नाही. म्हणून बसलोय. बास, एवढंच सांगायचं होतं. हा कागद कुठं टाकायचा ते काही मला माहीत नाही, खिशातच राहील.

थांबा. खाली पायऱ्यांवर कुणीतरी फूलवाल्याशी भांडतंय. "दहा रुपयांचा बेल? गडावर फुकट उगवतो तो!" फूलवाला काहीतरी म्हणाला. "चढले ना बाबा, पाय धरून धरून चढले, आता मला दम नको देऊ. माझा पोरगा वर आहे, पाणी घेऊन. एकटा घालेल तो, त्याला काय कळतंय. नवस आमच्या दोघांचा होता." पुजारी बाहेर येऊन बघतायत, माझ्याकडे आणि पायऱ्यांकडे.

अप्पा, आई आलीय.