‘कै.’ या अक्षराचा अर्थ

लातूर,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
धाकट्या गुरुबसप्पाचा शरणु शरणार्थ. इकडे सर्व ठीक आहे. दाजींचा गुडघा आता कसा आहे, ते कळवावे.

माझी प्रकृती सुधारत आहे. डॉक्टरांनी जिना चढण्यास परवानगी दिली. मिठाला मात्र अद्याप नाही. जगदेवी माझी भाजी अळणी शिजवते आणि स्वतःही तीच खाते. नको म्हटले तरी ऐकत नाही. डाळमिलच्या कचेरीत पुढील महिन्यापासून अर्धा दिवस जाईन.

तू पाठवलेली पुस्तके मिळाली, वाचूनही झाली. मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसांचे अनुभव तू मला का पाठवलेस, हे उघड आहे. सवयीप्रमाणे हातात पेन्सिल होती. एका पुस्तकातल्या स्वर्गात नदी आहे, दुसऱ्यात बाग, तिसऱ्यात नुसता प्रकाश. ‘तीन साक्षीदार, तीन पत्ते’ असा शेरा मी समासात मारला. मग तुझ्या खुणा दिसू लागल्या. जिथे जिथे कुणाला आपले गेलेले माणूस भेटते, तिथे तू पान दुमडले आहेस. मी माझे शेरे खोडून टाकले.

ऐन विशीत गेलेल्या तुझ्या मंजूच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात मागील वर्षी मीच वर्तमानपत्रात दिली आणि तिच्या नावाआधी ‘कै.’ लावले. रीतीप्रमाणे ते अचूक होते. त्याच सकाळी तुझा फोन आला. “कै. म्हंजे कैलासात राहणारी. तू बघून आलास काय रे तिला तिथं?” मी शुद्धलेखनाचे काहीतरी बोललो. त्यानंतर तू माझ्याशी बोललीच नाहीस.

माझे हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचे कळल्यावर मात्र तू नांदेडहून धावत आलीस. पलंगाशी वाकून तेच विचारलेस, पण या वेळी त्यात टोमणा नव्हता. “आता तर तू जाऊन आलास, बसू. होती का रे तिथं माझी लेक?” मी डोळे मिटून घेतले. पुढे फोनवर आठवत नाही म्हणालो, तीही पळवाटच होती.

जगदेवी म्हणते, “दिसली म्हणून लिवा की. तुमचं काय जातंय? अक्का तेवढ्यावर दिवस काढतील.” ती चुकीचे सांगत नाही. पण या बाबतीत मी लिहीन ते तू खरेच मानशील, म्हणूनच मला तसे लिहिता येत नाही.

मला काही दिसले नाही. प्रकाश नाही, नदी नाही, मंजू नाही.

पत्र इथेच संपवणार होतो. परंतु पुस्तकांचा आधार न घेता एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो. तिथे दुखत नव्हते. छातीतली कळ एकाएकी थांबली. फासळ्या दुखल्या त्या परत आल्यावर, कारण डॉक्टरांनी छाती जोराने दाबली होती. तहान, भीती, कुणाला तरी हाक मारावीशी वाटणे, हेही सारे परत आल्यावरचे.

दवाखान्यात मंजूला काचेपलीकडे ठेवले होते. तुला आत जाऊ दिले नाही. शेवटी ती कण्हली असेल का, आई म्हणाली असेल का, हे तू कधी कुणाला विचारले नाहीस; पण काचेवर टेकलेला तुझा हात मी पाहिला आहे. मंजूच्या वतीने मी बोलू शकत नाही. मी जिथवर गेलो, तिथे आईला हाक मारण्याची गरज पडत नव्हती, एवढेच सांगतो.

कैलास मी पाहिला नाही. तेव्हा ते अक्षर तिच्या नावाआधी यापुढे लिहिणार नाही. माझे प्रत्येक पत्र पूर्वी ज्या ओळीने संपे, ती मी तिच्यानंतर गाळत आलो. आज लिहितो. अर्थाच्या दृष्टीने ती चूक आहे, हे मला ठाऊक आहे; कृपया दुरुस्त करू नये.

दाजींना नमस्कार. चि. मंजूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा,
बसू