सहा नंबर किती धावला

प्रिय डिम्फनाताई,

ड्रमकीलहून तुझ्या धाकट्या बहिणीचं, अ‍ॅट्रॅक्टाचं, खूप खूप प्रेम. तुझा खोकला कसा आहे? गॉलवेचा समुद्रवारा तुला मानवणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं, पण थोरल्या बहिणी ऐकत असत्या तर आपल्या आईचे केस इतक्या लवकर पिकले नसते. इथे सगळं ठीक. तांबडी गाय व्याली, नवे फादर प्रवचन आटोपशीर देतात, आणि माझा फर्गल अजून काउंटीच्या फुटबॉल संघात आहे. हे 'अजून' कसं टिकलं, तेच तुला सांगायचंय.

फर्गल चौतिसाचा झाला. हातापायांनी खेळायच्या गेलिक फुटबॉलमध्ये या वयाला तुझ्यामाझ्यासारख्या म्हाताऱ्यांतच मोजतात. आठवडाभर शाळेत शिकवून फुकट धावणारी ही पोरं, पण मॅनेजर डेव्हनी त्यांच्याकडे बघत नाहीत, लॅपटॉपकडे बघतात. त्यांनी फर्गलला स्पष्ट बजावलं होतं, की उपांत्य सामन्यात धावणं सुधारलं नाही तर फायनलला बाकावर बसायचं. ताई, त्याने आजवर एकही फायनल खेळलेली नाही, आणि यानंतर खेळणारही नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचे कपडे धुतले, तर त्यात एक चोळीसारखी घट्ट बंडी निघाली. (हल्ली सगळे जर्सीच्या आत घालतात. फर्गलचा बाप, माझा पॅकी, असता तर ती बघून दुसऱ्यांदा वारला असता.) तिला पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधोमध, एक छोटासा खिसा. आई आपल्या सगळ्यांच्या बंड्यांत आशीर्वादाचं पदक टाचायची ना? मला वाटलं, कोण म्हणतं नव्या पिढीला श्रद्धा नाही, पदकासाठी खिसाच शिवून दिलाय. मी आईचं नॉकच्या तीर्थाहून आणलेलं पदक त्यात घातलं आणि शाळेत सिस्टर बेनिग्नांनी शिकवलेली दुहेरी टीप मारून खिसा बंद केला. (ती टीप तुला ठाऊक आहे. आपल्या गावातली माणसं तिच्यासकट पुरली गेली आहेत.)

सामना सुरू व्हायच्या आधी फर्गल लालबुंद चेहऱ्याने कुंपणापाशी आला. "आई, काय करून ठेवलंस? कात्री मोडली त्या टाक्यांवर."

"पदक आहे, राजा."

"ते ठीक आहे. पण यंत्र कुठे घालू, कानात?"

तेव्हा कळलं, की त्या खिशात काडेपेटीएवढं यंत्र असतं आणि माणूस किती धावला, किती जोरात धावला याची चुगली ते लॅपटॉपला करतं. तेवढ्यात शिट्टी झाली. त्याने ते माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "पर्समध्ये टाक आणि जागेवर बसून राहा."

जागेवर बसणं आपल्या घराण्यात कोणाला जमलंय? त्यातून हल्लीचा खेळ तू बघत नाहीस ते बरं. चेंडू मिळाला की सोडायचाच नाही. हातातून हातात, आडवा, मागे, पुन्हा आडवा, मयताच्या घरी सँडविचची ताटली फिरते तसा. (पॅकी म्हणायचा, चेंडू काय बँकेतली ठेव आहे व्याज लागायला? मार लांब.) तेव्हा चेंडू आपल्याकडे असला की मी पाय मोकळे करत चहाच्या गाडीपर्यंत जाऊन येत होते. चेंडू गेला की मात्र पर्स छातीशी धरून थेट कुंपणापर्यंत पळत होते, आपल्या बचावाला चार शब्द ऐकवायला. सामनाभर हेच. शेवटी बरोबरी असताना फर्गलने, सक्त मनाई असूनही, लांबून लाथ हाणली. चेंडू दोन खांबांमधून गेला आणि आपण जिंकलो.

संध्याकाळी क्लबात डेव्हनी लॅपटॉप उघडून सगळ्या संघाला म्हणाले, "सहा नंबरकडून शिका. चेंडू आपल्याकडे असताना कसा चालतो बघा, दम राखून. आणि गेला रे गेला की पिसाळल्यासारखा धावतो. याला म्हणतात शिस्त." सहा नंबर म्हणजे आपला फर्गल. त्याची फायनल तिथल्या तिथे पक्की झाली. मग सामना जिंकून देणाऱ्या त्या लाथेबद्दल त्यालाच दहा मिनिटं झापलं. तो आपला बुटांकडे बघत उभा, आणि मी सँडविचच्या आड तोंड लपवलेलं.

परतताना डेअरीच्या फाट्यापाशी तो इतका हसत सुटला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

"आई, उत्तरार्धात तू माझ्यापेक्षा जास्त धावलीस."

"जोरातही."

"पण मीही बरा खेळलो ना?"

"तुझ्या बाबांनी आनंदाने टोपी हवेत फेकली असती."

असो. खोटेपणा आपल्या रक्तात नाही. डेव्हनींना सगळं खरं सांगून टाकायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि मन अगदी शांत आहे.

तुझीच,
अ‍ॅट्रॅक्टा

ता. क. खरं सांगायचं ते फायनल झाल्यावर, सोमवारी.

आणखी एक. फर्गल आत्ताच चहाला येऊन गेला. मी म्हटलं, बंडी आण, टीप उसवून देते. म्हणाला, राहू दे, कशाला डोळ्यांना त्रास. मग दारातून, मागे न बघता, "आई, रविवारी सपाट बूट घाल." तेव्हा ताई, गेल्या नाताळात तुझ्या सुनेने दिलेले आणि तू एकदाही न घातलेले ते कॅनव्हासचे बूट गुरुवारच्या टपालाने पाठव. जांभळे असले तरी चालतील. चेंडू कोणाकडे आहे हे बघायचं सोडून माझ्या पायांकडे कोण बघणार आहे?