काळ्या माणसांचं पुस्तक

९ नोव्हें. ९८, सोम.
सूर्यमाळच्या आरोग्य शिबिराचे फोटो डॉ. बाईंना देऊन आलो. त्या खूश. मी निघताना परदेशातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं, "तुमच्याकडेच असायला हवं." नुसते फोटो, सगळे काळ्या माणसांचे. इंग्रजी वाचता येत नाही, बघता येतं. जीपमध्ये मांडीवर धरून बसलो, कोणाला हात लावू दिला नाही.

१० नोव्हें.
स्टुडिओत गिऱ्हाईक नाही, बरंच झालं. पुस्तकात एक म्हातारा. मागे काळी भिंत, अंगात काळा कोट, तरी कपाळावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. उजेड एकाच बाजूने, खिडकीचा असावा. कातडीला तेल? आणि आम्ही! तोंडाला पावडर, मागे पांढरा पडदा, वर प्रिंट फिकट. अख्खा जव्हार-मोखाडा माझ्याकडून गोरा होऊन जातो. एकटाच हसलो.

११ नोव्हें.
नसरीनचा फोटो नाशिकच्या स्थळाला पाठवायचाय. हमीदा म्हणाली, "जरा उजळ काढा हं." पोरगी ताटावरून उठली. "अब्बा, मी नाही बसायची." मागे भिवंडीची माणसं उजळ फोटो बघून आली होती. तिच्यासमोरच म्हणाली, फोटोत वेगळी दिसत होती. तेव्हापासून कॅमेऱ्यासमोर येत नाही. बापाचा स्टुडिओ, आणि पोरीचा फोटो नाही.

१३ नोव्हें.
दाभोशाचे एक बाबा आले, घरात लावायला फोटो हवा. पडदा काढला, खिडकीजवळ बसवलं, कपाळाला खोबरेलाचं बोट. ते आरशापाशी पावडरीचा डबा शोधत होते. संपली म्हटलं. डबा खिशात! बाजार करून परत आले तोवर प्रिंट तयार. फोटो खिडकीच्या उजेडात नेऊन बघितला. मग, "हां, यो मीच." इतकं बरं वाटलं की चहा पाजला. एक प्रिंट माझ्यासाठी ठेवली.

१५ नोव्हें., रवि.
नसरीन जेवणाचा डबा घेऊन आली. बाबांची प्रिंट बघितली, मग पुस्तक चाळत बसली. मोठ्या कानातल्यांची एक बाई आहे, सरळ आपल्याकडे बघणारी. तिथे थांबली.
"हिनं पावडर नाही लावली?"
"नाही."
"मग उघडा खिडकी."

१६ नोव्हें.
प्रिंट हातात. माझी पोर देखणी आहे. ठाऊक होतंच, कागदावर उतरत नव्हतं.
हमीदा : "सावळी दिसतेय."
"सावळीच आहे."
"आणि ते नाही म्हणाले तर?"
नसरीनच म्हणाली, "इथे येऊन नाही म्हणण्यापेक्षा तिथूनच म्हणू देत, अम्मी."
पाकिटावर पत्ता हमीदानेच घातला.

२८ नोव्हें.
नाशिकहून काही नाही. पोस्टमन दिसला की माझं लक्ष जातं, नसरीनचं जात नाही. ती मजेत आहे.
सकाळी पुस्तक जागेवर नव्हतं. हमीदाने घरी नेलेलं. दुपारी ते घेऊन स्वतःच आली, दार लोटलं, स्टुलावर बसली. नसरीनचा रंग हिचाच. आमच्या लग्नातल्या फोटोत हमीदा मैद्यासारखी पांढरी आहे, आणि तो फोटो तिने कधी भिंतीवर लावू दिला नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.
कपाळ चमकत होतं. "तेल लावून आलेय," म्हणाली. "काढा."
फोकस पुन्हा करावा लागला. रोल अजून धुवायचाय.