दाराला माझं बोट पटत नाही

अंबरनाथ (पश्चिम)
मंगळवार, दुपारचा चहा व्हायचाय

प्रिय तुळशी,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. कारण मागच्या वेळी तूच म्हणालीस की हल्ली कुठे जायचं आणि कुठे नाही ते गुडघेच ठरवतात. जनूभावोजींना माझा नमस्कार सांग, रिद्धीला पापा दे, आणि भावेशला सांग की कुंदामावशी फोन सोडून पत्र लिहायला बसली याला कारण तोच आहे (मी फोन लावला की तो स्पीकरवर टाकतो, मग माझं खासगी बोलणं तुमच्या अंगणातल्या कोंबड्यांसकट अर्धं जांभूळ गाव ऐकतं). हे पत्र तू स्वतः चष्मा लावून वाच. नातीला वाचायला देऊ नकोस. पहिलं पान दिलंस तर चालेल, पुढे माझी अब्रू आहे. आम्ही दोघं बरे आहोत. यांची शुगर आटोक्यात आहे, माझी जीभ नाही.

तर बातमी अशी की मी अॅडमिन झालेय. घाबरू नकोस, दुखणं नाही, पद आहे. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन गावी गेला तो गेलाच, दुसरा कुणी टिकेना, म्हणून मीटिंगमध्ये ठरलं की खालच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवायचं. चावी नाही, कडी नाही. भिंतीवर पाटीएवढं एक यंत्र असतं, त्याला तुमची ओळख पटली की दार आपसूक उघडतं. ते बसवायला उल्हासनगरहून टेकचंदभाई आले. साठीला आलेले गृहस्थ, बोलायला गोड, आणि त्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू बिघडत नाही, माणूस बिघडतो. ते म्हणाले, "तो साईं, अॅडमिन कोण होणार? एक माणूस पाहिजे, जो सगळ्यांना मशीनमध्ये टाकेल." बरोबर त्याच क्षणी मी हात वर केला, पंखा कमी करा म्हणून सांगायला. टाळ्या पडल्या. आता मागे कशी फिरणार? पण तुला खरं सांगते, रात्री आडवी झाले तेव्हा ऊर भरून आला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणीतरी मला मशीनमध्ये माणसं टाकायला सांगितली. नाहीतर आजवर मी डब्यात पोळ्याच टाकल्या.

मला राहून राहून आपला काडेपेटीचा कारखाना आठवतोय. आपल्याला आत जायला काय होतं, एक पितळी बिल्ला. टाइम ऑफिसच्या खिडकीत टाकायचा, पलीकडे हे बसलेले (तेव्हा हे 'हे' नव्हते, नुसते टाइमकीपर होते), वहीत नंबर लिहायचे आणि आपण पॅकिंग खात्यात. अकरा महिने मी ती नोकरी केली आणि अकरा महिने उशिरा पोचले. तू पावणेआठला येऊन माझ्या नावाने बोंबलत उभी. माझा बिल्ला तर दोनदा हरवला. "आगो कुंदे, बिल्ला कं परला तुजा?" हा तुझा आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत सापडला आणि उशिराबद्दल मला कधी कुणी बोललं नाही. मी म्हणायचे, माझं नशीब जोरावर आहे.

आता यंत्राचं ऐक. त्याला ओळख पटवायचे चार मार्ग आहेत: बोट, कार्ड, नंबर आणि चेहरा. मी अॅडमिन म्हणून गुप्त नंबर दाबायचा, मग माणसाचं नाव, मग त्याला जो मार्ग हवा तो. यंत्रात एक बाई बसवलेली आहे, ती हिंदीत बोलते. बोट पटलं तर "धन्यवाद", नाही पटलं तर "कृपया दोबारा प्रयास करें", तेही अशा सुरात की जणू आपण तिच्या स्वयंपाकघरात चपला घालून गेलो. आमचे चेअरमन मधूभाऊ पहिले. त्यांनी चेहरा निवडला. फोटो काढायचाय म्हटल्यावर माणूस करतो तसं त्यांनी तोंडभर हसून दिलं, आणि तोच चेहरा आत गेला. त्या दिवसापासून हसल्याशिवाय यंत्र त्यांना घरात घेत नाही. दहा वर्षांत ज्याने कुणाला दात दाखवले नाहीत तो माणूस आता दिवसातून चार वेळा भिंतीकडे बघून हसतो. त्यांच्या बायकोने मला साडीचा पीस दिला.

तिसऱ्या मजल्यावरच्या जिज्ञासाने बोट दिलं, पण भावाच्या लग्नाची मेंदी बोटाच्या टोकापर्यंत होती. मेंदी गेली तशी ओळखही गेली. मग तिला कार्ड दिलं. ती ते जीन्सच्या खिशात ठेवते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतात, म्हणून जरा वळून कंबर यंत्राला लावते आणि दार उघडतं. हे पहिल्या मजल्यावरच्या दोन आज्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, हाच पाचवा मार्ग. दोघी आळीपाळीने यंत्राला कंबर लावत होत्या, बाई दोबारा प्रयास करें म्हणत होती, आणि त्या बिचाऱ्या करत होत्या. मी हसत हसत जिन्यावरच बसले.

सगळ्यात मोठं रणकंदन मात्र नंबरावरून झालं. नंबर चार आकडी, आणि एकाचा नंबर दुसऱ्याला चालत नाही. मी घरोघरी फॉर्म वाटले, त्यात नंबर लिहून घडी घालून द्या म्हटलं. सात घरांनी १२३४ लिहिला. पहिला टाकला, पुढच्या सहांना बाई म्हणाली, "यह नंबर पहले से उपयोग में है." सहाही जण माझ्याकडे असे बघायला लागले की मीच वशिला लावलाय. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मिलिंदला (म्हणजे जिज्ञासाचा नवरा) ४३२१ मिळाला तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि आता ते, ज्यासाठी रिद्धीला हे पत्र द्यायचं नाही. आमच्या घरचा फॉर्म यांनी भरला. बोट नको म्हणाले, शुगर तपासायला सुया टोचून टोचून बोटं सोलली आहेत. कार्ड नको, चेहरा तर नकोच. घडी उघडली तर नंबर २१७४. मी टाकला, बाई धन्यवाद म्हणाली, आणि मी तिथेच उभी राहिले. हा नंबर कुठला? माझी जन्मतारीख नाही, यांची नाही, आमच्या वरदची नाही, लग्नाची नाही. स्कूटरचा नाही, गॅसचा नाही, बँकेचा नाही. एकवीस जुलै, साल चार असं करून जुनी डायरी काढली. त्या दिवशी आमच्याकडे सिलिंडर संपला होता, एवढंच. मग सहज विचारतेय असं दाखवून विचारलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हाताला सवय आहे." बस्स. तुळशी, पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या हाताला असा कुठला नंबर सवयीचा आहे जो मला माहीत नाही?

पूर्वी फोन चार-पाच आकड्यांचे असायचे, आठवतं? मला तीच शंका आहे. लेबल खात्यात ती उंच मुलगी होती ना, सोनचाफा माळून यायची, टाइम ऑफिसच्या खिडकीशी उगाच रेंगाळायची. तिच्या वडिलांचं दुकान होतं म्हणजे फोन असणारच. यांना मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं की तुम्ही मला कारखान्यात कधी पाहिलं होतं का. तर म्हणाले, खिडकीतून फक्त हात दिसायचे, माणसं बघायला वेळ कुठे होता; तुला पहिल्यांदा पाहिलं ते बदलापूरला तुझ्या मामांकडे, पोह्यांच्या वेळी. मी इतकी वर्षं ते खरं धरून चालले. आता चार दिवस मला झोप नाही. परवा आमटीत मीठ दोनदा पडलं, पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा मुद्दाम. हे गुपचूप जेवले, त्यावरून तर संशय पक्काच झाला. तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. नीट आठवून त्या चाफेवालीचा फोन नंबर काय असेल ते कळव. वाटलं तर जनूभावोजींना विचार, पण का विचारतेस ते सांगू नकोस.

बाकी सगळं ठीक. शनिवारी सकाळी यंत्र खऱ्या अर्थाने सुरू होणार, आतापर्यंत दार दिवसभर उघडंच अडकवून ठेवलं होतं. मधूभाऊ नारळ फोडणार आहेत (हसत). तू आलीस तर मला पाहुणा म्हणून तुलाही मशीनमध्ये टाकता येईल. गुडघ्यांना विचारून बघ. पत्र मिळालं की पोच दे, माझ्या जिवाला घोर आहे.

तुझी,
कुंदा
(अॅडमिन)

ता. क. (गुरुवार, दुपार) : पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरंच झालं. झालं असं, की सकाळी माझ्या लक्षात आलं, चोवीस घरांना मशीनमध्ये टाकलं आणि मी स्वतः बाहेरच आहे. अॅडमिनच्या नंबराने यंत्राचं पोट उघडतं, दार उघडत नाही. धावत खाली गेले आणि बोट लावलं. बाईने तीनदा नाकारलं. टेकचंदभाईंना फोन केला तर म्हणाले, मॅडम, भांडी घासून रेघा गेल्या असतील, मशीन एकदम बरोबर आहे. कार्ड मी हरवणार, हे तुला सांगायला नको. चेहऱ्याचं मधूभाऊंमुळे धाडस होत नाही. राहिला नंबर. कुणाला ओळखता येणार नाही असा जुना नंबर शोधावा म्हणून मी कागदपत्रांची लोखंडी पेटी काढली. माझ्या मॅट्रिकच्या मार्कशीटच्या घडीत कारखान्याचा दाखला निघाला. कुमारी कुंदा अमुक तमुक, पॅकिंग खाते, बिल्ला क्रमांक २१७४. हजेरी नियमित, नेहमी वेळेवर. खाली टाइमकीपरची सही, आणि अक्षर यांचं.

मी फरशीवर बसून राहिले. नेहमी वेळेवर म्हणे! अकरा महिन्यांत मी वेळेवर पोचले असेन तर संपाच्या दिवशी. मग तशीच खाली गेले, आणि मुद्दाम माझ्या नावापुढे २१७४ दाबला. बाई म्हणाली, "यह नंबर पहले से उपयोग में है." मी तिला म्हटलं, हो ग बाई, ते मला आज कळलं. आणि तिथे दारात, कंबरवाल्या आज्यांच्या देखत, मला रडू आलं. त्यांना वाटलं यंत्र मलाही घेत नाही, त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

वर आले. हे मटार सोलत होते. दाखला पुढ्यात ठेवला आणि विचारलं, खिडकीतून फक्त हात दिसायचे ना? यांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "आठशे हात होते. एक रोज उशिरा यायचा."  मटार मात्र सगळे सालींच्या ताटात टाकले होते.

दुसरी ता. क. : तर त्या चाफेवालीचा विषय बंद. तिचं भलं होवो. तिच्याबद्दल वर जे लिहिलंय त्यावर काट मारणार होते, पण मग पानच उरत नाही. रिद्धीने एव्हाना वाचलं असेलच, तर रिद्धे, आजीला सांगू नकोस की तू इथपर्यंत आलीस.

तिसरी ता. क., आणि खरं काम हेच : मला अजून नंबर नाही. माझा यांनी घेतलाय आणि तो मी परत मागणार नाही. तेव्हा तुळशी, मला तुझा हवाय. आपण दोघी एकाच दिवशी एकाच रांगेत भरती झालो, म्हणजे तुझा एक तर २१७३ असणार किंवा २१७५. रांगेत तू माझ्या पुढे होतीस की मागे, तेवढं आठवून सांग. मी तुझ्या नंबराने घरात येईन, हे माझ्या नंबराने येतील. फोन केलास तरी चालेल, भावेशने स्पीकर लावला तरी चालेल, फक्त शनिवारच्या आत कर. आणि मग हे पत्र चुलीत घाल, यात आमच्या दाराचे निम्मे नंबर आहेत आणि मी जबाबदार पदावर आहे.

आज टेकचंदभाईंनी तासभर दार लावून बघितलं. मी बाजारात होते, बोलत बसले, उशीर झाला. परत आले तर दार बंद, माझ्याकडे काहीच नाही. काचेतून पाहिलं. हे आत उभे होते, किती वेळचे कोण जाणे. दार उघडलं आणि पिशवी घेतली.