गोटी आणि वाटी

१२ मार्च २०२४
सून आकांक्षा आजपासून परत शाळेत रुजू. नात शालू दिवसभर माझ्याकडे. परतुरात अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलंय, अडीच महिन्यांचं लेकरू काय जड आहे!

जालन्याच्या डॉक्टरनं तिला पट्टा घातलाय. डाव्या खुब्याची गोटी वाटीत बसत नाही म्हणे. पाय बेडकासारखे फाकवून बांधलेत. आंघोळीलासुद्धा काढायचा नाही.

१४ मार्च
डॉक्टर कालचं पोरगं. खेळायची गोटी आणि आमटीची वाटी घेऊन आकांक्षाला डेमो दिला. ती गोटीही तिच्याबरोबर घरी आलीय. मी तिला सांगितलं, खुब्याइतका पक्का सांधा अंगात दुसरा नाही. खोल वाटी, वरून जाड अस्थिबंध. खांदा निखळेल, खुबा नाही.
ती म्हणाली, आबा, ते मोठ्या माणसाचं. लेकराची वाटी उथळच राह्यती, गोटी आत बसली तरच खोल होती. पाठ करून आल्ती.

१९ मार्च
शालू रडून रडून लाल. पट्टा सोडला, थोडाच वेळ. लगेच शांत. प्रयोग यशस्वी.

२ एप्रिल
आता रोजचं टाइमटेबल. आकांक्षा गेली की पट्टा खुंटीला. पाय सरळ करून धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळतो. आईनं आम्हा भावंडांना असंच बांधलं, एकही फेंगडा निघाला नाही. शाळा सुटायच्या आत पट्टा जागेवर.

७ जून
सोनोग्राफी. गोटी बाहेरच. डॉक्टरनं विचारलं, पट्टा मधे काढता का? आकांक्षा म्हणाली, बिलकुल न्हाई, लेकराची शपथ. आणि रडली. मी पंख्याकडे बघत होतो. पट्टाच डिफेक्टिव असणार.
आता प्लास्टर म्हणे, छातीपासून. मुलगा मच्छिंद्र माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याला सांगितलं, हाड भरलं की आपोआप बसेल. प्लास्टर कॅन्सल.

१८ एप्रिल २०२५
शालू चालली! भिंतीपासून थेट माझ्यापर्यंत. म्हणालो, बघा, याला म्हणतात विज्ञान. आकांक्षा टाळ्या वाजवता वाजवता थांबली.

२० एप्रिल
पोरगी दर पावलाला डावीकडे झुकते. ओसरीची फरशीच उताराची आहे. गवंडी बोलवावा लागणार.

२१ एप्रिल
आकांक्षा शालूला घेऊन सकाळीच जालन्याला गेली. मला विचारलं नाही. दुपारी फोन. ऑपरेशन करावं लागंल, हाड कापून. मंग हळूच म्हणाली, आबा, खरं सांगा, तुम्ही पट्टा सोडत होता का?
रेंज नाही म्हणालो, फोन ठेवला.
गवंड्याला उतार दाखवायला तीच गोटी ओसरीवर ठेवली. हलली नाही. वाऱ्यानं अडत असेल, म्हणून पंखा बंद करून दुसऱ्या जागी ठेवली.
तिथंही हलली नाही.